सिमवाल्या राउटरची तब्येत कशी तपासायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिथे फायबर पोचलेलं नाही तिथे सिम घालून चालणारा फोर-जी राउटर हाच घराचा, बागेचा, होमस्टेचा नेटचा आधार असतो. लांजा-राजापूर पट्ट्यात असे बरेच डबे मी बसवले आणि त्याहून कितीतरी जास्त वेळा फोनवर "नेट गेलं हो" ऐकलं. खालचे प्रश्न त्या फोनांतलेच आहेत. सुरुवातीलाच एक विनंती करतो. राउटर बंद-चालू करण्याआधी दोन मिनिटं त्याचं पान उघडून बघा आणि फोटो काढून ठेवा. बटण दाबलंत की नेट कदाचित येईल, पण का गेलं होतं याचा पुरावाही त्याच बटणाबरोबर जातो.

नेट बंद पडलं. आधी काय बघू?

कडी कुठे तुटली ते बघा. तुमचा मोबाईल ते राउटर ही वायफायची कडी. राउटर ते सिम, सिम ते टॉवर, टॉवर ते कंपनीचं जाळं, आणि तिथून पुढे सगळं जग. दहातल्या निम्म्या फोनांत तक्रार टॉवरची असते आणि दोष पहिल्या दोन कड्यांत सापडतो. घरातल्या एकाच मोबाईलवर नेट नसेल आणि बाकीच्यांवर असेल, तर राउटरला हात लावायचं कारण नाही. त्या मोबाईलचं वायफाय बंद-चालू करा.

राउटरचं पान उघडायचं कसं? नेट नसताना ते उघडतं का?

उघडतं, कारण ते पान राउटरच्या पोटातच असतं. वायफायला जोडून ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका. तो डब्याच्या खालच्या लेबलवर छापलेला असतो. बहुतेकांचा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, हुआवेच्या डब्यांचा १९२.१६८.८.१ आणि जिओफायचा १९२.१६८.२२५.१. आकडे अर्थातच इंग्रजीत टाकायचे.

इथे हमखास फसायला होतं. वायफायवर नेट नाही असं दिसलं की मोबाईल गुपचूप स्वतःच्या डेटावर जातो, आणि मग राउटरचं पान काही केल्या उघडत नाही. मोबाईलचा डेटा आधी बंद करा.

पासवर्ड आठवत नाही.

दोन पासवर्ड असतात. एक वायफायचा, दुसरा या पानाचा. लोक एकाच्या जागी दुसरा टाकत बसतात. पानाचा मूळ पासवर्ड लेबलवर असतो. बदलला असेल आणि विसरला असाल तर रिसेटशिवाय गती नाही. त्याबद्दल पुढे सांगितलं आहे.

दिव्यांवरून काय कळतं?

थोडंफार. प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे, त्यामुळे "लाल लागला म्हणजे अमुक" असं छातीठोक सांगता येत नाही. वीज, वायफाय, सिग्नल आणि इंटरनेट असे चार दिवे बहुतेक डब्यांवर असतात. सिग्नलचा आहे आणि इंटरनेटचा नाही, तर टॉवर सापडलाय पण पुढची जोडणी झाली नाही. तेवढं कळलं की पानाकडे वळा.

पानावर 'स्टेटस' उघडलं. त्यात माझ्या कामाचं काय?

सिमची स्थिती, कंपनीचं नाव, फोर-जी की थ्री-जी, सिग्नलचे आकडे, बँड (टॉवरच्या लहरींचा पट्टा), सेल आयडी (टॉवर ओळखायचा क्रमांक), मिळालेला आयपी पत्ता (कंपनीने राउटरला दिलेला नेटवरचा पत्ता) आणि दोन घड्याळं : राउटर किती वेळ चालू आहे आणि नेटची जोडणी किती वेळ टिकून आहे. बाकीचं बघितलं नाही तरी चालेल. काही डब्यांत हे आकडे 'स्टेटस'वर न दिसता 'अ‍ॅडव्हान्स्ड' किंवा 'डिव्हाइस इन्फर्मेशन' या नावाखाली दडवलेले असतात.

ते आरएसआरपी, आरएसआरक्यू वगैरे आकडे उणे का असतात? चांगले कुठले?

उणे बघून घाबरू नका. हवेतून येणारी शक्ती एका मिलिवॉटच्या तुलनेत मोजतात आणि ती त्याच्या कितीतरी कोटी पटींनी कमी असते, म्हणून आकडा उणे. शून्याच्या जितका जवळ तितका बरा. −८५ हा −१०५ पेक्षा चांगला. आणि ही पट्टी साधी नाही. १० चा फरक म्हणजे दहापट आणि ३ चा म्हणजे साधारण दुप्पट. खिडकीत −९५ आणि माजघरात −१०५ दिसलं, तर "दहाचाच फरक" म्हणू नका. माजघरात खिडकीच्या एक दशांश शक्ती पोचते आहे.

आरएसआरपी म्हणजे टॉवरचा आवाज तुमच्यापर्यंत किती जोरात येतो ते. −९० पर्यंत मस्त, −१०० पर्यंत ठीक, −११० च्या खाली रडतखडत, −१२० ला जोडणी टिकली तर नशीब.

एसआयएनआर म्हणजे त्या आवाजातले शब्द किती स्पष्ट कळतात ते. जत्रेत माणूस शेजारी उभा राहून ओरडत असला तरी ढोलामुळे काही ऐकू येत नाही, आणि रात्री माळावर दूरची हाकही नीट कळते, तसं. २० च्या वर उत्तम, १० च्या आसपास चालतं, शून्याखाली गेलं की वेग मातीमोल. माझ्या मते चौघांत बघायचा पहिला आकडा हाच. −१०५ आरएसआरपी आणि १५ एसआयएनआर असलेल्या घरात नेट बरं चालतं, पण −८० आणि उणे २ असलेल्या घरात माणूस डोकं धरून बसतो. दोन टॉवर सारख्याच जोरात ऐकू येणाऱ्या जागी, म्हणजे घाटमाथ्यावर किंवा सड्यावर, हा दुसरा प्रकार फार दिसतो. रेंज सगळीकडून येते आणि नेमकं तेच नडतं.

आरएसआरक्यूमध्ये गर्दीही डोकावते. मोकळ्या टॉवरवर तो −६, −७ च्या आसपास असतो, लोक वाढले की −११, −१२ कडे सरकतो, आणि −१५ च्या पलीकडे गेला तर वाईट. आरएसएसआय हा चौथा आकडा सगळा गोंगाट एकत्र मोजतो, म्हणून तो नेहमी आरएसआरपीपेक्षा वीस-तीसने चांगला दिसतो. विक्रेता दाखवतो तो बहुधा हाच.

माझ्या मोबाईलला चार दांड्या, राउटरला दोनच. राउटर खराब आहे का?

दांड्यांना ठरलेलं माप नाही. कुठल्या आकड्याला किती दांड्या दाखवायच्या हे ज्याचा तो बनवणारा ठरवतो. तुलना करायचीच तर राउटरचं सिम मोबाईलमध्ये घाला, त्याच जागी उभे राहा आणि अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये 'अबाउट फोन', मग 'सिम स्टेटस' उघडा. तिथे सिग्नल डीबीएममध्ये, म्हणजे वरच्याच उणे मापात मिळतो. आकड्याशी आकडा ताडून बघा.

राउटर ठेवायचा कुठे?

टीव्हीमागे नको, फ्रीजवर नको, लोखंडी कपाटात तर मुळीच नको. आपल्याकडच्या जुन्या घरांत जांभ्याच्या जाड भिंती असतात. त्या उन्हाळ्यात सुखाच्या, पण रेंजला दगड तो दगडच. कौलांतून सिग्नल बऱ्यापैकी आत येतो, पत्र्यातून येत नाही. म्हणून माळ्यावरची किंवा पहिल्या मजल्यावरची, टॉवरच्या दिशेची खिडकी शोधा.

अंदाजाने न ठेवता मोजून ठेवा. पान उघडं ठेवून राउटर एका जागी ठेवा, मिनिटभर थांबा, एसआयएनआर आणि आरएसआरपी कागदावर लिहा, मग पुढची जागा. चार-पाच जागा पुरतात. एका घरात देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यातून राउटर तीन हात सरकवून खिडकीत आणला आणि आरएसआरपी −११२ वरून −९९ वर आला. देवांनी काही हरकत घेतली नाही.

छपरावर अँटेना लावायची असेल तर डब्यावरच्या अँटेनाच्या दोन्ही खाचांना वायर जोडा. एकच जोडली तर अर्धा फायदा फुकट जातो. लांब अँटेना-वायरमध्ये सिग्नल मुरतो, त्यापेक्षा राउटर उंचावर ठेवून खाली लॅनची वायर आणणं बरं. ती १०० मीटरपर्यंत चालते. मात्र मे महिन्याच्या शेवटी आणि ऑक्टोबरात गडगडाट सुरू झाला की अँटेना आणि अडॅप्टर दोन्ही काढून ठेवा. वीज पडून जळालेला राउटर वॉरंटीत बसत नाही.

रेंज फुल आहे, पण एक पान उघडत नाही. असं कसं?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. उत्तर क्रमाने शोधा.

रिचार्ज संपलाय का? हसू नका. राउटरचं सिम कोणाच्या खिशात नसतं, त्यामुळे मुदत संपल्याचा मेसेज कोणी वाचत नाही. वैधता संपली तरी टॉवर दिसतच राहतो.

रिचार्ज आहे तर आयपी पत्ता बघा. जागा रिकामी असेल किंवा ०.०.०.० दिसत असेल, तर टॉवरने दारात घेतलंय पण पान वाढलेलं नाही. बहुतेक वेळा कारण एपीएन, म्हणजे सेटिंगमध्ये भरलेलं कंपनीच्या नेटच्या दाराचं नाव. जिओसाठी तो जिओनेट, बीएसएनएलसाठी बीएसएनएलनेट, इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. सिम दुसऱ्या कंपनीचं घातलं आणि एपीएन जुनाच राहिला, हा नेहमीचा घोटाळा.

आयपी आहे तर पिंग करा, म्हणजे एखाद्या पत्त्याला हाक मारून उत्तर येतं का आणि किती वेळात येतं ते बघा. राउटरच्या पानावर 'डायग्नोस्टिक्स' असेल तर तिथून, नसेल तर संगणकाच्या कमांड प्रॉम्प्टमधून. तीन पायऱ्या. पहिली राउटरच्या स्वतःच्या पत्त्यावर : इथे उत्तर नाही तर घोळ घरातच, वायफायचा किंवा वायरचा. दुसरी ८.८.८.८ या गूगलच्या पत्त्यावर : इथे उत्तर नाही तर घोळ टॉवरच्या पलीकडे. तिसरी एखाद्या वेबसाइटच्या नावावर : आकड्याला उत्तर येतं आणि नावाला येत नाही, तर डीएनएस, म्हणजे नावावरून आकडी पत्ता शोधून देणारी सोय, बिघडली आहे. राउटरच्या सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून ८.८.८.८ आणि १.१.१.१ टाकून बघा. पहिल्या पायरीला चार-पाच मिलिसेकंद आणि दुसरीला तीस ते साठ हे फोर-जीवर निरोगी समजा. दुसरी पायरी कधी ५० तर कधी ९०० दाखवत असेल, मधूनच उत्तर गळत असेल, तर एसआयएनआर आणि गर्दी यांच्याकडे संशयाने बघा.

रिचार्ज, आयपी, सिग्नलचे आकडे सगळं ठीक आणि तरी दुसऱ्या पायरीला उत्तर नाही, तर बहुधा टॉवर उभा आहे पण त्याच्यामागची वायर किंवा लिंक गेली आहे. त्यावर तुमच्या हातात काही नाही.

सकाळी धावतं, संध्याकाळी सात ते अकरा रांगतं.

टॉवर वाटून घ्यावा लागतो. पहाटे पाचला आणि रात्री नऊला एकाच जागी चाचणी करा. ट्राय या सरकारी दूरसंचार नियामकाचं मायस्पीड अ‍ॅप त्यासाठी पुरेसं आहे. वेग पडला, आरएसआरक्यू घसरला आणि आरएसआरपी जागच्या जागी राहिला, तर ती गर्दी. गणपतीत आणि शिमग्यात मुंबईकर आले की हेच दिसतं. पाच दिवस सहन करा.

पावसात रेंज जाते, हे खरं ना?

अर्धंच खरं. मोबाईलच्या ७०० ते २५०० मेगाहर्ट्झच्या लहरींना पावसाच्या थेंबांचा फारसा त्रास होत नाही. त्रास होतो तो ओल्या पानांचा. जानेवारीत अँटेना लावताना समोरचं आंब्याचं झाड अडसर वाटलं नव्हतं, ते जुलैत भिजलेली भिंत होतं. दुसरं म्हणजे काही डोंगरी टॉवर मागच्या टॉवरला वायरऐवजी मायक्रोवेव्ह लहरींनी जोडलेले असतात, तेही १५ किंवा १८ गिगाहर्ट्झसारख्या उंच पट्ट्यात, आणि त्या लहरींना मुसळधार पाऊस खरंच अडवतो. तेव्हा तुमच्याकडे आकडे छान असतात आणि नेट नसतं. तिसरं कारण अगदी साधं : वीज जाते, टॉवरची बॅटरी संपते. मग आकडा हळूहळू घसरत नाही, टॉवरच गायब होतो आणि राउटर दूरच्या दुसऱ्याला जाऊन चिकटतो.

दिवसातून पाच-सहा वेळा नेट तुटतं आणि आपोआप येतं.

इथे ती दोन घड्याळं कामाला येतात. नेट येताच पान उघडा. राउटर चालू असल्याची वेळ तीन दिवस आणि जोडणीची वेळ दोन मिनिटं असेल, तर राउटर जागा होता, टॉवरने हात सोडला. दोन्ही दोन मिनिटं असतील, तर राउटरच बंद होऊन चालू झाला. म्हणजे भांडण टॉवरशी नाही, विजेशी आहे.

एका होमस्टेत रोज संध्याकाळी नेट जायचं. कंपनीकडे तीन तक्रारी झाल्या होत्या, सिमही बदललं होतं. मी गेलो तेव्हा घड्याळात राउटरचं वय होतं ४० मिनिटं. मालकीणबाई म्हणाल्या, "अहो, कोणी हात पण लावला नाही." ४० मिनिटांपूर्वी काय केलं विचारलं, तर पंप सुरू केला होता. पंप लागला की दाब पडायचा, आणि मूळ १२ व्होल्टचा अडॅप्टर हरवल्यामुळे लावलेला ९ व्होल्टचा सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर तेवढ्यात मान टाकायचा. योग्य अडॅप्टर आणि राउटरचा छोटा यूपीएस आणला, तक्रार संपली. अडॅप्टरवरचे व्होल्ट राउटरच्या लेबलशी तंतोतंत जुळले पाहिजेत. अँपिअर जास्त चालतील, कमी चालणार नाहीत.

सिस्टिम लॉगमध्ये, म्हणजे राउटरच्या नोंदवहीत, १ जानेवारी १९७० ही तारीख दिसते. व्हायरस आहे का?

नाही. राउटरला स्वतःचं टिकणारं घड्याळ नसतं. वीज आली की तो संगणकांच्या मोजणीच्या आरंभापासून सुरू करतो आणि नेट मिळाल्यावर खरी वेळ विचारून घेतो. उलट ही तारीख उपयोगाचीच. लॉगमध्ये १९७० जितक्या वेळा उगवतं, तितक्या वेळा राउटर नव्याने चालू झाला.

कंपनीच्या अ‍ॅपमध्ये जायला ओटीपी लागतो. तो कुठे येतो?

राउटरच्याच पोटात. पानावर 'एसएमएस' नावाचा कप्पा असतो. तो भरला असेल तर नवीन मेसेज येत नाहीत. जुने पुसा.

दीड जीबी दुपारीच संपतो. कोण वापरतं?

जोडलेल्या यंत्रांची यादी बघा. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासूनचे मोबाईल खरा हार्डवेअर पत्ता लपवून बनावट देतात, त्यामुळे एकच मोबाईल दोन नावांनी दिसला तर लगेच शेजाऱ्यावर आळ घेऊ नका. आधी संगणकाचे अपडेट आणि मोबाईलमधल्या फोटोंचा बॅकअप तपासा. राउटरचा डेटामीटर अनेक डब्यांत रिस्टार्टला शून्य होतो, तेव्हा हिशेब कंपनीच्या अ‍ॅपचाच धरा. कोटा संपल्यावर बऱ्याच प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्या वेगाने एक एमबीचा फोटो उघडायला दोन मिनिटांहून जास्त लागतात. लोकांना वाटतं राउटर बिघडला.

बागेतला कॅमेरा घरात दिसतो, मुंबईहून दिसत नाही.

स्टेटसमधला आयपी बघा. तो १० ने सुरू होत असेल किंवा १००.६४ ते १००.१२७ मधला असेल, तर कंपनीने तुम्हाला खाजगी पत्ता दिला आहे. एका बाहेरच्या पत्त्यामागे शेकडो ग्राहक बसलेत, त्यामुळे बाहेरून थेट तुमच्या दाराशी येता येत नाही. पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेल्याला आतल्या यंत्राकडे वळवायची राउटरची सोय) कितीही करा, व्यर्थ. बनवणाऱ्याच्या क्लाउडमार्गे, म्हणजे त्याच्या नेटवरच्या संगणकांमार्गे, चालणारा कॅमेरा घ्या.

बँड बघून काय करायचं?

हे जरा रस असणाऱ्यांसाठी. आपल्याकडे फोर-जीसाठी बँड ५ म्हणजे ८५० मेगाहर्ट्झ, ८ म्हणजे ९००, ३ म्हणजे १८००, १ म्हणजे २१०० आणि ४० म्हणजे २३००. खालचे लांब जातात, भिंतीतून आत शिरतात, पण रस्ता अरुंद. वरचे लांब पोचत नाहीत, पण रुंद. म्हणून बँड ५ वर −८५ असूनही बँड ४० वरच्या −१०० पेक्षा वेग कमी मिळू शकतो. राउटरमध्ये बँड निवडायची सोय असेल तर दोन्ही धरून मोजा. आणि बीएसएनएलचं फोर-जी ७०० च्या बँड २८ वरही आहे. तो बँड नसलेला जुना डबा अशा जागी 'नो सर्व्हिस' म्हणतो, त्यात सिमचा दोष नसतो.

मी नेमक्या कुठल्या टॉवरला जोडलोय?

सेल आयडी घ्या आणि २५६ ने भागा. समजा १२३४५६०३ आहे : भागाकार ४८२२५, बाकी ३. भागाकार हा टॉवरवरच्या यंत्राचा क्रमांक, बाकी म्हणजे त्याची कुठली बाजू. नेट चांगलं असताना हा क्रमांक लिहून ठेवा. बिघडल्यावर वेगळा निघाला, तर जवळचा टॉवर बहुधा बंद आहे. परिसरात टॉवर कुठे आहेत ते दूरसंचार विभागाच्या तरंग संचार पोर्टलवर नकाशात दिसतं.

'नो सिम' दाखवतो.

बंद करा, सिम काढा, कोरड्या कपड्याने पुसा, पुन्हा बसवा. नॅनो सिमला चौकट लावून मोठ्या खाचेत घातलं असेल तर ती सरकते. पिन मागत असेल तर अंदाज लावू नका. तीन चुकांनंतर पीयूके हा सिम उघडायचा आठ आकडी कोड लागतो, आणि तो दहा वेळा चुकला की सिम कायमचं मेलं.

रिसेट करू का?

सगळ्यात शेवटी. बारीक भोकातलं बटण दहा सेकंद दाबलं की वायफायचं नाव, पासवर्ड, एपीएन सगळं जातं. आधी सेटिंगच्या पानांचे फोटो काढा.

जुना राउटर विकत घेतोय. काय तपासू?

त्याचा १५ आकडी आयएमईआय, म्हणजे त्या यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक. केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरं, मग मोकळी जागा, मग तो क्रमांक, असा मेसेज १४४२२ वर पाठवा. चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर कळेल. आणि स्टेटस पानाचा फोटो कुणाला पाठवताना हाच क्रमांक झाकून पाठवा.

तक्रार करताना काय सांगू?

१९८ वर फोन करा आणि तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. निकाल पटला नाही तर ३० दिवसांत कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. "रेंज नाही" असं मोघम म्हणालात की समोरचा "सिम काढून घाला" म्हणणार. त्याऐवजी असं सांगा : "मंगळवारपासून रात्री आठ ते अकरा नेट चालत नाही. टॉवर ४८२२५, बाजू ३. आरएसआरपी −८८, एसआयएनआर १६. आयपी मिळतो, पण ८.८.८.८ चं पिंग जात नाही. राउटर नऊ दिवस चालू आहे, मध्ये बंद झालेला नाही." पलीकडे क्षणभर शांतता पसरते आणि मग बहुधा फोन वरच्या माणसाकडे जातो.